झोन दोन, वेळ चार ते सहा

बायकोसाठी आपण आजवर काहीच केलं नाही, हा विचार संसारी माणसाला पंधरा-वीस वर्षांतून एकदा तरी येतोच. शहाणी माणसं असा विचार आला की पेलाभर पाणी पितात आणि कूस बदलून झोपतात. पाणीवाले उठले आणि त्यांनी राउटरला हात घातला.

पाणीवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. पण बावीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह उघडायचं आणि बंद करायचं काम केलेल्या माणसाला नाव असलं काय आणि नसलं काय! खांद्यावर ती माणूसभर उंच लोखंडी चावी टाकून ते निघाले, की "पाणीवाले आले" अशी हाळी पुढच्या पुढे जायची आणि घराघरांत बादल्या नळाखाली सरकायच्या. वरच्या वस्तीला पाच ते सात, मधल्या वस्तीला सात ते नऊ, खालच्या वस्तीला नऊ ते अकरा. घड्याळाच्या काट्यावर. बावीस वर्षांत पाणी सोडायला त्यांना एकदाच दहा मिनिटं उशीर झाला होता. त्या दिवशी त्यांना मुलगी झाली होती (लोकांनी तरीही तक्रार केलीच). बंद करायला मात्र कधीही उशीर नाही. कुणी डोक्याला साबण लावून ओरडत असो, सात म्हणजे सात.

चौकातल्या फळ्यावर सूचना लिहायचं कामही त्यांच्याचकडे असे. 'दुरुस्तीच्या कामानिमित्त पुढील सूचना मिळेपर्यंत पुरवठा बंद राहील. नागरिकांनी सहकार्य करावे.' खाली त्यांची सही. सहीच्या शेवटी ते असा काही फराटा ओढत, की पाणी नाही याचं दुःख बघणारा क्षणभर विसरून जाई. निदान त्यांची तरी तशी समजूत होती.

तर मुद्दा बायकोचा. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी. तीनला सुटायची, साडेतीनला घरी, आणि चारच्या ठोक्याला कानांवर हेडफोन चढवून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसायची. दुकानाचं काहीतरी काम घरी आणते बिचारी, असं पाणीवाले दोन वर्षं समजत होते. विचारलं मात्र कधीच नव्हतं. एका सोमवारी ते चहाचा कप घेऊन मागून चालले होते, तेवढ्यात बायको ओरडली, "मी मेले तरी चालेल, तुम्ही झेंड्यापाशी जा!"

कप खाली, चहा पायावर.

"कोण मेलं?" पाणीवाल्यांनी एका पायावर नाचत विचारलं.

"मी. आज तिसऱ्यांदा."

"कशानं?"

"नेटनं," असं म्हणून तिनं हेडफोन काढला. डोळ्यांत पाणी होतं. ते बघून पाणीवाले आपला भाजलेला पाय विसरले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो एक खेळ होता. दोन किल्ले, प्रत्येकात एक झेंडा, दोन्हीकडे चार-चार गडी. समोरच्याच्या झेंड्याला आधी हात लावेल तो डाव जिंकला. तीन डावांचा सामना. बायकोच्या संघात एक बेकरीवाली होती, एक दातांची डॉक्टर होती आणि एक शहर बसची ड्रायव्हर. चौघींनी एकमेकींना प्रत्यक्षात कधीही पाहिलेलं नव्हतं. बायको ढाल घेऊन आपल्या किल्ल्याच्या दारात उभी राहायची. दार सोडायचं नाही, हा तिचा खाक्या. त्यामुळे त्यांचे डाव लांबत, पण त्या हरत क्वचितच.

"आणि आता नेट अडकतं," ती म्हणाली. "मी दारात ढाल धरून उभी असते आणि मध्येच थिजते. पुतळा होतो माझा. समोरचे शेजारून आत जातात, झेंड्याला हात लावतात. परवा एकानं जाता जाता मला सलाम ठोकला."

"मग?"

"मग काय. रविवारी चार वाजता उपांत्य सामना आहे. आज-उद्यात हे नीट झालं नाही, तर दार डॉक्टरीणबाईंची भाची सांभाळणार. आणि कॅप्टनही तीच." ती पदराशी चाळा करत म्हणाली, "त्यांचंही बरोबर आहे म्हणा."

"कॅप्टन? तू कॅप्टन आहेस?"

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "सबंध दिवसात मला कुणी ताई म्हणतं, कुणी काकू म्हणतं, तुम्ही तर नुसतं अगं म्हणता. तिथं कॅप्टन म्हणतात, अहो. आणि मी सांगितलेलं ऐकतात."

पाणीवाल्यांना मनापासून वाईट वाटलं. त्यांच्या घरात एक कॅप्टन राहत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. तिची कॅप्टनकी जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. आणि घोळ सुरू झाला तो इथून.

आता पाणीवाल्यांना इंटरनेटमधलं काही कळत नव्हतं अशातला भाग नाही. काहीही कळत नव्हतं. पण घरात येणारी एक नळी, ती एका डब्यात शिरते, डब्यातून सगळ्यांना पुरवठा होतो आणि शेवटच्या माणसाला नीट पोचत नाही, एवढं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला. हे तर रोजचंच!

"प्रेशर कमी आहे," त्यांनी निदान केलं.

राउटर माशांच्या टाकीशेजारी खाली ठेवलेला होता. पाणी उंचावरून आलं की जोर धरतं, म्हणून त्यांनी तो कपाटावर चढवला. वायरला तीन वेटोळी होती. वळणावर प्रेशर मरतं, म्हणून त्यांनी वायर सरळ केली आणि ती दारातून आडवी गेली. (त्यांचे वडील त्यात अडकून पडता पडता वाचले.) तरीही अडकायचं थांबेना, तेव्हा नळीत हवा धरली असणार हे उघड होतं. त्यांनी वायर उपसली, टोक खाली धरलं, दोनदा झटकलं आणि हवा निघून जायला पाच मिनिटं तशीच लोंबती ठेवली. त्या पाच मिनिटांत बायको चौथ्यांदा मेली.

"तुम्ही नका ना काही करू," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

पण मदत करायला निघालेल्या नवऱ्याला थांबवणं देवालाही जमलेलं नाही. पाणीवाल्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, घरात किती डिव्हाइसेस आहेत?"

"जोडण्या म्हणता? अधिकृत चार."

"सगळ्या एकाच वेळी वापरात असतात का, सर?"

"एकाच वेळी?" पाणीवाले दचकले. "म्हणजे सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडे?"

"सर?"

"बाई, सगळ्या वस्त्यांना एकदम सोडलं तर टाकीत काय उरणार? झोन नाहीत का तुमच्याकडे? वेळापत्रक?"

मुलगी म्हणाली, "वेळापत्रकाची सोय आहे, सर. कोणतं उपकरण किती ते किती चालावं, ते ठरवता येतं. यादीतलीच उपकरणं चालतील असंही करता येतं. पण सर, गेमसाठी त्याहून सोपा एक—"

"बस! पुढे बोलू नका," पाणीवाले म्हणाले. बावीस वर्षांची विद्या अशी घरात उपयोगी पडेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आपल्या फोनवर राउटरचं पान उघडून, मुलीला दर दोन मिनिटांनी हाक मारून, घामाघूम होऊन त्यांनी वेळापत्रक बसवलं. झोन एक, वडिलांचा टॅब, दुपारी दोन ते चार. झोन दोन, बायकोचा कॉम्प्युटर, चार ते सहा. झोन तीन, मुलीचा लॅपटॉप, सहा ते नऊ. झोन चार, टीव्ही, नऊ ते साडेदहा, सर्वांनी मिळून. यादीबाहेरच्यांना प्रवेश नाही. वेळेबाहेर राउटर कुणाला ओळखसुद्धा दाखवणार नाही. 'सेव्ह' दाबून त्यांनी हात झटकले, एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहून चिठ्ठी पाकिटात ठेवली आणि वेळापत्रकाचा कागद कपाटाला डकवला. खाली सही, फराट्यासकट.

दुसऱ्या दिवशी चारला बायको खेळायला बसली. सगळ्या घराचं पाणी तिच्या एकटीच्या नळाला. दोन तास तिचा ढालवाला एकदाही थिजला नाही. सहाला ती उठली ती थेट स्वयंपाकघरात आली आणि पाणीवाल्यांच्या हातात चहाचा कप देत म्हणाली, "रविवारी दार माझ्याकडेच राहणार. बेकरीवाली म्हणाली, कॅप्टन, आज तुम्ही वेगळ्याच होतात. मी म्हटलं, आमच्या ह्यांनी केलंय." एवढं बोलून ती लाजली. चोवीस वर्षांत ती 'आमच्या ह्यांनी केलंय' असं पुष्कळदा म्हणाली होती, पण दर वेळी ते फुटलेल्या वस्तूकडे बोट दाखवून. पाणीवाल्यांनी तो चहा गार होईपर्यंत प्यायला.

पण जिथं वेळापत्रक आलं, तिथं तक्रारी आल्याच. दुसऱ्याच दिवशी वडील आणि मुलगी असं दोघांचं शिष्टमंडळ पाणीवाल्यांसमोर उभं राहिलं. वडील निवृत्त शिंपी. जुन्या कुस्त्यांचे व्हिडिओ बघणं हा त्यांचा एकमेव शौक.

"दोन ते चार ही काय वेळ झाली?" वडील म्हणाले. "ती माझी झोपायची वेळ. माझ्या झोनला पाणी येतं तेव्हा मी झोपलेला, मी उठतो तेव्हा नळ कोरडा."

"बाबा, मला सकाळी कॉलेजचं काम असतं," मुलगी म्हणाली. "सहापर्यंत काय करू?"

"भरून ठेवायचं," पाणीवाले शांतपणे म्हणाले. हे उत्तर ते बावीस वर्षं देत आले होते.

आणि लोकांनी भरायला सुरुवात केली! मुलगी आपल्या तीन तासांत हाती लागेल ते डाउनलोड करून ठेवू लागली. लागणारं, न लागणारं, सगळं. वडील दोनला घड्याळ लावून उठत आणि डोळे मिटलेल्या अवस्थेत कुस्त्या उतरवून घेत. तेवढ्यानं भागेना, तेव्हा त्यांनी नातीशी संधान बांधलं. तिच्या झोनमध्ये तिच्या लॅपटॉपवर गुपचूप आजोबांच्या कुस्त्याही भरल्या जाऊ लागल्या. अशा प्रकाराला पाणीवाल्यांच्या खात्यात अनधिकृत जोडणी म्हणतात आणि ती सापडली तर जागेवर तोडतात. पण ही सापडली नव्हती.

इतक्या गडबडीत एक बारीकशी गोष्ट पाणीवाल्यांच्या ध्यानात आली नाही. मंगळवारपासून घरी असताना त्यांच्या फोनवर एकही सुप्रभात आला नव्हता, एकही सुविचार नाही, कुणाच्या नातवाचा फोटो नाही. लोक सुधारले, असं त्यांना वाटलं आणि बरंही वाटलं.

रविवार उजाडला. पावणेचारला बायको हातपाय धुऊन, केस घट्ट बांधून कॉम्प्युटरसमोर बसली. समोरचा संघ होता अग्निशमन दलातल्या चौघांचा. हे ऐकून पाणीवाल्यांचं रक्त तापलं, कारण आगवाले कधीही न विचारता हव्या त्या ठिकाणी पाणी घेतात आणि तक्रारी मात्र व्हॉल्व्हमनला ऐकाव्या लागतात. "हरवच त्यांना," ते म्हणाले आणि मागे स्टूल घेऊन बसले.

चार वाजले. आगवाल्यांचा पत्ता नाही. सव्वाचारला निरोप आला: खरोखरची आग लागली आहे, विझवून येतो. नियमाप्रमाणे बायको तिथंच सामना जिंकल्याचं सांगू शकत होती. बसवाली तर म्हणालीही, "घ्या कॅप्टन, फुकटचा विजय."

"छे गं," बायको म्हणाली. "लोकांची घरं वाचवायला गेलेत. सावकाश या म्हणावं. आम्ही थांबतो."

पाणीवाल्यांना बायकोचा अभिमान वाटला. तो त्यांना जेमतेम दीड तास पुरला.

आगवाले आले पाच वाजायला दहा मिनिटं असताना. पहिला डाव त्यांनी घेतला. दुसऱ्या डावात बायकोनं दार असं अडवलं, की आगवाल्यांनी डोकी आपटून घेतली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई मागून जाऊन झेंड्याला हात लावून आल्या. एक-एक. तिसरा डाव सुरू झाला तेव्हा पाणीवाल्यांची नजर सवयीनं घड्याळाकडे गेली. पाच चाळीस. त्यांच्या एका डावाला लागतात पंचवीस मिनिटं. म्हणजे सहा वाजून पाच.

झोन दोन, वेळ चार ते सहा.

हळूच उठून ते स्वयंपाकघरात गेले आणि फोन काढला. व्हॉल्व्ह अर्धा तास जास्त उघडा ठेवायचा, त्यात काय! राउटरचं पान उघडेना. पुन्हा दाबलं. उघडेना. मुलीला खूण करून बोलावलं.

"बाबा," तिनं फोन बघितला, मग त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही स्वतःला कुठल्या झोनमध्ये घातलंत?"

पाणीवाले आठवू लागले. झोन एक वडील, दोन बायको, तीन मुलगी, चार टीव्ही. व्हॉल्व्हमन यादीत कसा असेल? व्हॉल्व्हमन म्हणजे काय नागरिक आहे?

"यादीबाहेरच्यांना प्रवेश नाही," मुलगी त्यांच्याच सहीचा कागद वाचत म्हणाली. "सहा दिवस तुम्ही बाहेरच आहात."

"तुझ्या लॅपटॉपवरून?"

"माझं पाणी सहाला येतं."

"आजोबांचा टॅब?"

"चारला गेलं."

"मोबाईलचं नेट?"

"आपल्या घरात मोबाईलचं नेट कधी आलंय? बोलायलासुद्धा गॅलरीत जावं लागतं. राउटरला मागे एक बटण आहे, ते दाबलं की सगळं पहिल्यासारखं होतं. पण पाच मिनिटं बंद पडेल. आईचंसुद्धा."

म्हणजे या क्षणी घरात पाणी असलेला नळ एकच, आणि तो बायकोच्या हातात. पाणीवाल्यांनी गॅलरीत जाऊन मदत केंद्राला फोन लावला. "आपण रांगेत अकरावे आहात," असं एक बाई थंडपणे म्हणाली, "कृपया सहकार्य करावे." बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी हजारदा लिहिलं होतं. ऐकायला कसं वाटतं, ते आज कळलं.

पाच सत्तेचाळीस. आता दोनच वाटा होत्या. एक अगदी सोपी. गप्प बसायचं. सहाला नेट जाईल, बायको किंचाळेल, आपणही किंचाळायचं आणि कंपनीला शिव्या घालायच्या. बावीस वर्षं लोकांनी फुटलेल्या पाइपाचा, गेलेल्या विजेचा, न पडलेल्या पावसाचा दोष व्हॉल्व्हमनच्या माथी मारला. एकदा त्याचा दोष दुसऱ्याच्या माथी गेला तर काय बिघडलं? बायकोला कधी कळलंही नसतं. कॅप्टनकी मात्र गेली असती, आणि 'त्यांचंही बरोबर आहे म्हणा' असं म्हणून ती भांडी घासायला उठली असती. ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि पाणीवाल्यांचे पाय आपोआप कोपऱ्याकडे वळले. त्यांनी बायकोच्या एका कानावरचा हेडफोन उचलला.

"सहाला तुझं पाणी जातंय."

"काय?"

"नेट. सहाच्या ठोक्याला बंद होणार. मीच लावलंय. आणि मला उघडता येत नाही."

"तुमच्या फोनवरून—"

"मी यादीत नाही."

बायकोनं दोन सेकंद त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते पाणीवाल्यांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही. मग तिनं घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं. हेडफोन पुन्हा कानावर बसवून ती म्हणाली, "मुलींनो, माझ्याकडचं पाणी सहाला जाणार. दार सोडा."

पलीकडून तिघींचा एकच गलका उठला असावा, कारण बायको म्हणाली, "हो, दारच म्हणाले. सोडा. चौघीही पुढे. पाणी म्हणजे काय ते नंतर सांगते."

दोन वर्षांत पहिल्यांदाच तिचा ढालवाला दारातून हलला. नळाचं पाणी जायला अकरा मिनिटं उरलेली असताना बाईमाणूस किती कामं उरकतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला पुढचं वेगळं सांगायला नको. कपडे, भांडी, पिंप, कळशी, सगळं एका दमात! आगवाले बावचळलेच. उघडं दार बघून ही नक्की काहीतरी चाल आहे अशी त्यांची खात्री झाली. दोघे त्या रिकाम्या दारासमोर उभे राहून सापळा शोधत बसले. उरलेल्या दोघांवर इकडून चौघी तुटून पडल्या. मागे वडील उठून उभे राहिले होते. "टांग मार! पट काढ त्याचा, सूनबाई!" असा सल्ला ते मोठ्यानं देत होते, आणि मुलगी त्यांचा हात धरून उड्या मारत होती.

"पाच मिनिटं," पाणीवाल्यांनी पुकारलं. तेवढंच त्यांना येत होतं. "तीन. दोन."

बेकरीवाली पडली. बसवाली पडली. डॉक्टरीणबाईंनी एकाला अडवून धरलं. बायकोचा ढालवाला पायऱ्या चढत होता. ढाल केव्हाच फुटली होती.

"एक मिनिट! अर्धं!"

वरची पायरी. झेंडा. मागून एक आगवाला धावत आला, ढालवाल्यानं हात पुढे केला—

सहा.

चित्र थिजलं. पडद्यावर एक पांढरं वर्तुळ गरगरू लागलं. राउटर वक्तशीरपणा शिकला होता तो जगातल्या सगळ्यात वक्तशीर माणसाकडून. अर्ध्या सेकंदाचीही सवलत त्यानं दिली नाही.

"लागला का हात?" वडिलांनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं.

"माझं सुरू झालं!" मुलगी ओरडली. सगळे तिच्या लॅपटॉपवर तुटून पडले. तिनं निकालाचं पान उघडायला घेतलं. तिथंही पांढरं वर्तुळ.

"आता काय झालं?" बायको किंचाळली. "तुझी तर वेळ आहे ना?"

पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक ओळ सरकत होती. पाणीवाल्यांनी चष्मा वर करून ती वाचली. 'डाउनलोड सुरू. ६३ पैकी १.' नाव होतं कुठल्याशा जुन्या कुस्तीचं. सहा वाजले की आपोआप भरायला लागेल, अशी व्यवस्था आजोबा आणि नात यांनी मिळून केलेली होती.

"अनधिकृत जोडणी!" पाणीवाले कडाडले. "माझ्याच घरात!"

"तूच म्हणालास ना, भरून ठेवा म्हणून?" वडील छताकडे बघत म्हणाले. "एक कुस्ती झालीय बघ भरून. तोवर बघायची का?"

त्याच वेळी गॅलरीतल्या कठड्यावर ठेवलेला बायकोचा फोन वाजला. ती धावली. पाठोपाठ सगळे. दारातल्या सरळ केलेल्या वायरीत पाणीवाले अडकले आणि शेवटचे पोचले.

"बोल गं," बायको म्हणत होती. "हो... हो... खरंच? पुन्हा सांग!" फोनमधून बेकरीवालीचा आवाज खालच्या गल्लीपर्यंत ऐकू येत होता. "कॅप्टन, हात लागला होता! लागला आणि मग थिजलात! अशाच उभ्या आहात अजून, झेंड्याला धरून! आगवाले तुम्हाला सलाम करतायत!"

बायको कठड्याला टेकून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मुलीनं तिला मिठी मारली. वडिलांनी 'चितपट' असा निकाल दिला. फोन ठेवल्यावर ती पाणीवाल्यांकडे वळली.

"अकरा मिनिटं आधी सांगितलंत," ती म्हणाली. "नसतं सांगितलंत तर मी दारातच उभी राहिले असते आणि गेले असते. लपवलं नाहीत, हे बरं केलंत."

पाणीवाल्यांचा ऊर भरून आला. इथं ते थांबले असते तर ही गोष्ट त्यांच्या विजयावर संपली असती. पण ते म्हणाले, "मग पुढच्या रविवारी अंतिम सामन्याला मी तुला चार ते आठ देतो. फक्त झोन तीन थोडा पुढे ढकलून—"

बायकोनं हात पुढे केला. "चावी द्या."

पाणीवाल्यांनी पाकिटातून पासवर्डची चिठ्ठी काढून मुकाट्यानं तिच्या हातावर ठेवली. संध्याकाळी कुस्त्यांचं पाणी ओसरल्यावर मुलीनं राउटरचं पान उघडलं. वेळापत्रकाच्या बरोबर खाली एक चौकोन होता: 'खेळाला प्राधान्य.' त्यात तिनं एक टिचकी मारली. सगळ्यांचं नेट दिवसभर चालू झालं आणि बायकोचा खेळ तरीही अडकेना. मदत केंद्रातली ती मुलगी हेच सांगत होती, असं पाणीवाल्यांना अंधुकसं आठवलं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कामावरून आले, चावी कोपऱ्यात उभी केली आणि पाणी प्यायला वळले, तर कपाटावरचा त्यांचा कागद गेलेला. राउटर खाली माशांच्या टाकीशेजारी आलेला, आणि त्याच्यावर चष्म्याच्या दुकानातलं जाड पुठ्ठ्याचं कार्ड उभं केलेलं. बायकोचं सुबक अक्षर:

'पाणीवाल्यांनी राउटरला हात लावणे, दुरुस्तीच्या कामानिमित्त पुढील सूचना मिळेपर्यंत बंद राहील. नागरिकांनी सहकार्य करावे.'

पाणीवाल्यांनी ते दोनदा वाचलं. मजकूर चोख होता, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. फक्त खाली जागा मोकळी राहिलेली त्यांच्या नजरेला खटकली. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि बावीस वर्षांच्या सवयीनं खाली सही ठोकली, फराट्यासकट.